अर्धा गोल

सरहद्दीच्या भिंतीला ठोकत चालायचं आणि आवाज ऐकायचा, एवढंच त्याचं काम. म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. थापीची लाकडी मूठ दगडावर आपटली की भरीव भिंत आखूड, कोरडा आवाज देते; आत पोकळी असली तर तोच आवाज जरा रेंगाळतो. आवाज रेंगाळला की ठोक्या खडूनं तिथं गोल काढायचा. मागाहून पंपवाले यायचे, गोलाच्या मधोमध भोक पाडून नळी घालायचे आणि पातळ सिमेंट आत सोडायचे. पोकळी भरली, सरकार निश्चिंत.

निश्चिंत कसलं डोंबलाचं! भिंत उंच केली, तर पलीकडच्या शिड्या लांब झाल्या. वर काटेरी तार आली, तर लोक खालून उकरून आले. आणि बहुतेक जण तर सरळ फाटकातून, बसमध्ये बसून, पाहुण्याचा पास खिशात घालून यायचे. पासाची मुदत संपायची, पाहुणा मात्र हलायचा नाही. बसस्टँडसमोरचा न्हावी असाच आलेला. त्याच्या खुर्चीत बसून इकडची मंडळी भिंतीचे गोडवे गात, आणि वस्तरा गळ्यावर असल्यामुळे दोन्ही बाजूंनी वाद बेतानंच चाले.

भिंतीनं अडवलं ते जाणाऱ्यांना. पूर्वी पलीकडची माणसं कामाच्या हंगामात यायची आणि हंगाम संपला की घरी परतायची. भिंत झाल्यावर पुन्हा येणं इतकं जिकिरीचं झालं, की जो जिथं होता तो तिथंच राहिला. ठोक्याही त्यातलाच. तोही पलीकडचा. चोरून आलेला गवंडी. भिंतीसाठी गवंडी कमी पडले तेव्हा त्यानं ही भिंत बांधली आणि बक्षीस म्हणून त्याला राहण्याचा परवाना मिळाला. अट एकच होती. एकदा बाहेर पाऊल टाकलं की परवाना रद्द. तोवर त्याचं इथं लग्न झालं होतं, दोन मुली झाल्या होत्या. स्वतःच्या हातानं स्वतःला कोंडून घेणं म्हणतात ते यालाच.

पलीकडे आई होती आणि थोरला भाऊ. दादा. वडिलांनी दोघांना एकाच कामावर घडवलं होतं. जाड दगडी भिंतीला दोन तोंडं असतात. एका तोंडाला दादा, दुसऱ्या तोंडाला हा, आणि मध्ये भरणा. भिंत छातीच्या वर गेली की एकमेकांचं तोंड दिसेनासं होई. दोन्ही बाजू बांधून धरायला मध्येमध्ये एक लांब दगड आरपार घालावा लागे. तो सरकवताना पलीकडच्याचा हात मध्ये आला तर बोटं गेलीच म्हणून समजा. म्हणून वडिलांनी खूण ठरवून दिली होती. थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायचं, थांबायचं, मग एकदा: दगड येतोय, हात काढ. पलीकडच्यानं एकदा ठोकलं की त्याचा अर्थ, काढला, ये. उत्तर आल्याशिवाय दगड सरकवायचा नाही. ही खूण त्यांच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

ठोक्या सरहद्दीच्या भिंतीतलं शेवटचं खिंडार बुजवत होता, तेव्हा दादा पलीकडे येऊन उभा राहिला होता. "आई बोलावेल तेव्हा तुला न्यायला येईन," तो म्हणाला. "खूण ओळखशील ना?"

"झोपेतसुद्धा ओळखीन," ठोक्या म्हणाला आणि त्यानं दगड बसवला.

मग वर्षं गेली. ठेकेदारानं भिंतीच्या पोटात राडारोडा भरला होता, तो खाली बसून जागोजाग पोकळ्या झाल्या. पलीकडचे लोक एखादा दगड काढून आत शिरत, वाट करत, आणि संधी साधून इकडचा दगड ढकलून बाहेर पडत. भिंत बांधणारा आता भिंतीचा वैद्य झाला.

हिवाळ्यातली एक सकाळ. धुकं इतकं की भिंतीचा वरचा काठही दिसत नव्हता. कोरड्या कालव्याजवळच्या वळणावर ठोक्यानं मूठ आपटली आणि आवाज चांगलाच रेंगाळला. त्यानं खडू टेकवला. अर्धा गोल काढून झाला असेल नसेल, तोच आतून आवाज आला.

दोनदा. मग थांबून एकदा.

ठोक्याचा उजवा हात आपोआप उत्तर द्यायला उचलला गेला, कारण लहानपणापासून या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. तेवढ्यात मागून मुकादमाची पावलं वाजली.

"काय रे ठोक्या, गोल अर्धाच का?"

भिंतीतून माणसाला येऊ दिलं तर परवाना जाणार. आपण पलीकडे, बायको आणि मुली इकडे. ठोक्याला हे सगळं एकदम दिसलं. राडारोडा बसताना असे आवाज होतातच, असंही त्यानं स्वतःला सांगितलं. आतून पुन्हा खूण आली, या वेळी जरा हळू. मुकादम जांभई देत होता. त्याला एक तर ऐकू आलं नाही किंवा ऐकून घ्यायचं नव्हतं.

ठोक्यानं गोल पुरा केला.

दुपारी पंप लागला. पंपाच्या घरघरीत आतलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, हे त्यानं पुढं स्वतःला पुन्हापुन्हा बजावलं. "बरीच प्यायली की ही," नळी धरणारा हसत म्हणाला. ठोक्यानं त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्यानंतर त्याचे कान बिघडले. घरी बायको भाजी चिरायला बसली की सुरी पाटावर दोनदा वाजे, थांबे आणि मग एकदा वाजे.

"अशी काय चिरतेस?" तो ओरडला.

"अहो, अशीच चिरते की नेहमी! झालंय काय तुम्हाला?" बायको म्हणाली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

कालव्याजवळच्या त्या जागी नवं सिमेंट वाळेचना. उन्हाळा आला, आजूबाजूचे दगड तापून चटके देऊ लागले, तरी तेवढा एक ओला डाग राहिला. मुकादमानं पाण्याची गळती म्हणून हात झटकले. आसपास पाणी कुठंच नव्हतं. ठोक्या ती जागा न ठोकताच पुढं जायला लागला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

एके दिवशी तो स्टँडवर चहाला बसला होता. पलीकडची बस येऊन लागली, पासवाले पाहुणे पेट्या सांभाळत उतरले. ठोक्याचं लक्ष नव्हतं. हातातली थापी टेबलावर आपली आपण वाजत होती. दोनदा, थांबून एकदा.

त्याच टेबलावर कुणीतरी बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं.

त्यानं मान वर केली. समोर विशीतली एक मुलगी उभी होती. कपाळ दादाचं, भुवयाही दादाच्याच.

"काका ना तुम्ही?" ती हसली. "शोधायला लागलंच नाही बघा! बाबांनी मलाही शिकवलीय ही खूण. मी गवंडीकाम करते आता."

"तू... कशी आलीस?"

"बसनं. पास काढून. बाबांना किती सांगितलं, असंच जा म्हणून. पण ऐकतात कुठं! म्हणाले, पास मिळेपर्यंत आई राहायची नाही. आणि काकाला परत आणायचं तर तो फाटकातून कसा येईल, त्याच्यासाठी भिंतीतूनच वाट करायला हवी. हिवाळ्यात शिरले आत." मुलीनं आजूबाजूला नजर फिरवली. "आजी वाट बघून बघून गेली, काका. मग मला वाटलं, बाबांनाही इथंच काम मिळालं असेल. अडकले असतील तुमच्यासारखेच. कुठायत ते?"

ठोक्या उठला आणि चालू लागला. मुलगी पेटी घेऊन मागून निघाली. बाबा कामावर आहेत आणि काका आपल्याला तिकडेच नेतोय, असं तिनं गृहीत धरलं. वाटेत ती आजीच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होती. तो एकेक शब्द ऐकत होता आणि मागं वळून बघत नव्हता.

कालव्याजवळच्या वळणावर तो थांबला. भरदुपारी, लख्ख उन्हात, तो गोल अजून ओला होता. खडूची रेघ मात्र पुसली गेली नव्हती. अर्धी रेघ सरळ हातानं काढलेली, अर्धी थरथरत.

"इथं आत..." ठोक्या म्हणाला. "मी ऐकलं होतं गं. मी ऐकलं होतं, आणि..."

मुलीनं बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं. तिनं भिंतीला कान लावला होता.

दोनदा. मग थांबून एकदा.

"बाबाच!" ती आनंदानं म्हणाली. तिचा गाल ओल्या सिमेंटला टेकला होता. "अजून थांबलेत बघा. उत्तर आल्याशिवाय दगड सरकवायचे नाहीत ते, माहितीये ना तुम्हाला? काका, द्या ना उत्तर."

ठोक्यानं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि आपल्या पाठीशी उभं केलं. मग थापी उलटी धरली, एकदा ठोकलं आणि सवयीनं हात काढून घेतला.