राखणदाराच्या वळणावरचा काळोख

माझ्या नवऱ्याइतका जपून मोटरसायकल चालवणारा माणूस आमच्या गावात दुसरा नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. माझ्या रागाचं मूळच ते आहे.

मालवणच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत आमची छोटी खानावळ आहे. पर्यटक समुद्रात डुंबून येतात ते भुकेने कासावीस होऊन, आणि शेवटचं ताट उठेपर्यंत चांगली रात्र होते. भांडी आवरायची, ओटा धुवायचा, उरलेलं माशांचं तिखलं डब्यात भरायचं आणि दोघांनी गाडीवर बसून घर गाठायचं. घर आत आहे, घाटी चढून सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळमाळाच्या, पलीकडे. बाजार मागे पडला की रस्त्याला दिवा नाही. जो काही उजेड, तो आपल्या गाडीचा.

निघण्यापूर्वी नवऱ्याचे सोपस्कार चालतात. खाऱ्या वाऱ्याने दिव्याच्या काचेवर साय धरते, ती तो ओल्या फडक्याने पुसतो. मागच्या लाल दिव्यासमोर तळवा धरून ब्रेक दाबून बघतो. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर, माझा पट्टा तो स्वतः ओढून पाहतो. पावसाळ्यात गुरं चिखल टाळून डांबरावर येऊन बसतात, म्हणून सड्यावर गाडी हळू. समोरून कोणी डोळ्यांत उजेड मारला तर त्याच्याकडे बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं, आणि चिडून उलट उजेड मारायचा नाही. भाचे-पुतणे गाडी शिकले की हे धडे त्यांना याच्याकडूनच मिळतात. डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणं म्हणजे काय ते मी त्याच्या पाठीमागे बसून पाहिलंय.

आणि हाच माणूस घाटीच्या मधल्या वळणावर आला की दिवा बंद करतो.

त्या वळणावर वडाचं झाड आहे, आणि झाडाखाली राखणदाराचा पाषाण. आमच्याकडे प्रत्येक गावाला असा एक राखणदार असतो. रात्री तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. जुनी माणसं हातात चूड, म्हणजे पेटती झावळी, घेऊन या घाटीतून जायची, आणि राखणदाराची जागा आली की चूड खाली करून पाठीमागे धरायची. त्याचा मान म्हणून. पायी चालणाऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. फार तर पायाला ठेच लागली असेल. मग कंदील आला, तो झाकू लागले. बॅटरी आली, ती विझवू लागले. मग मोटरसायकल आली. आणि वळणावर, उतारावर, गाडी चालू असताना माणसं दिवा बंद करू लागली. तोंडाने नाव घ्यायचं, पुढचं झाड ओलांडेपर्यंत आंधळ्याने जायचं, मग पुन्हा दिवा. सगळा गाव करतो. शिकलेले करतात, सावंतवाडीच्या कॉलेजात शिकवणारा माझा दीरही करतो.

याच्यावरही कडी आहे. आताच्या नव्या गाड्यांना दिवा बंद करायचं बटणच नसतं. इंजिन सुरू झालं की दिवा लागलाच. कुणीतरी शहाण्या माणसाने विचार करूनच तसं केलं असणार. आमच्या गावचे लोक नवी गाडी आणतात, नारळ फोडतात, हार घालतात आणि तशीच तिठ्यावरच्या मेकॅनिककडे नेऊन वेगळं बटण बसवून घेतात. काळं, बोटाएवढं, डाव्या मुठीजवळ. त्याला सगळे राखणदाराचं बटण म्हणतात. आमच्याही गाडीला आहे. त्याच्याइतका राग मला दुसऱ्या कुठल्याच वस्तूचा आलेला नाही.

मागच्या वर्षी, तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. त्या घाटीतून दिवसभर चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, ट्रक चढतात. वडाकडे आले की ड्रायव्हर थांबतात, राखणदाराला विडी ठेवतात. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून चाकाखाली एक चिरा लावतात, आणि नमस्कार करून निघताना तो चिरा तिथेच रस्त्यात सोडून जातात. देवाचं झालं ना, मग मागून येणाऱ्याचं काय होईल याच्याशी त्यांना काय करायचंय. त्या रात्री असाच एक चिरा तिथे पडला होता. नवऱ्याने दिवा बंद केला. मी नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि पुढचं चाक उडालं.

माझं कोपर सोललं आणि हनुवटीला टाके पडले. त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. काळोखात तो मला हाका मारत होता आणि मला तो दिसत नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं. मी चाचपडत त्याच्यापर्यंत गेले, तर हाताला आधी तो चिरा लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. नवऱ्याने वेदनेतही शुद्ध मराठी काढली आणि सांगितलं, "जनावर आडवं आलं." म्हणजे खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. म्हणजे हे शहाणपणाचं नाही, हे त्यालाही आत कुठेतरी ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. बिचारी गुरं त्या रात्री गोठ्यात झोपली होती.

गावात मात्र वेगळं कारण ठरलं. बघायला येणाऱ्या प्रत्येकीने पहिला प्रश्न विचारला, डब्यात काय होतं? बांगड्याचं तिखलं होतं. मग झालंच. रात्रीची मासळी घेऊन राखणदाराच्या पुढ्यातून गेलात, वर बाधा टाळायला डब्यावर कोळशाचा तुकडाही ठेवला नाहीत, तो रागावणार नाही तर काय करणार. इतकी वर्षं रोज मासळी घेऊनच आम्ही जातो, कारण आमची खानावळच मासळीची आहे, हे कुणी ऐकून घेईना. तो चिरा माझ्या दिराने उचलून कडेला ठेवला होता. तो मी सगळ्यांना दाखवायला तयार होते. चिरा बघायला कुणी गेलं नाही.

मला सगळ्यात झोंबलं ते हे की दोष डब्याचा, म्हणजे ओघाने माझा. दिव्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नवरा काठी टाकून चालायला लागला तेव्हा घरच्यांनी राखणदाराला कोंबडा आणि जाड भाकरीचा रोट द्यायचं ठरवलं. माझी हरकत नव्हती. माझा राखणदारावर विश्वास आहे, आजही आहे. भांडण त्याच्याशी नव्हतं. वडाखाली सगळे जमले. गाऱ्हाणं घालायला आबा उभे राहिले. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, गावाचं गाऱ्हाणं त्यांच्याच तोंडून निघतं. ते हात जोडून देवाला सगळं सांगतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे पुरुष "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा देतात. तो दुजोरा मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही असं मानतात. आबांनी त्या दिवशी मासळीची चूक पदरात घे म्हणून सांगितलं. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. माझा नवराही म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बायका मागे बसल्या होत्या. नारळ फुटून प्रसाद वाटेपर्यंत मी कळ काढली, मग पुढे जाऊन आबांना विचारलं, "आबानू, राखणदार रात्रीचो फिरता तेव्हा तेच्या हातात काय असता?"

"काठी आणि चूड," आबा म्हणाले. त्यांच्या वडिलांनी ती चूड सड्यावरून जाताना पाहिली होती, ते त्यांनी पुन्हा सगळ्यांना सांगितलं.

"पेटलेली?"

"पेटलेली नाय तर काय विझलेली घेवन फिरतलो?" लोक हसले.

"मगे आमचो दिवो तेका कित्याक खुपता?"

आता कुणी हसलं नाही. आबा चिडले नाहीत, ते मला मुलीसारखं मानतात. मोठं माणूस समोर आलं की आपण हातातली विडी लपवतो की नाही, तसंच हे, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, विडी लपवताना कुणाचा गुडघा फुटत नाही. त्यावर नवऱ्याने मला डोळ्यांनी गप्प केलं, आणि सगळे जेवायला बसले.

थोड्याच दिवसांत आम्ही पुन्हा खानावळ उघडली. पहिल्या रात्री परतताना त्याने नेहमीसारखी काच पुसली, माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. गाडी अजूनच हळू चालवली. मला वाटलं, माणूस शिकला. वळण आलं आणि टक्क आवाज झाला. काळोख. माझी बोटं त्याच्या खांद्यात रुतली. पुढच्या झाडाशी दिवा लागला. घरी पोचल्यावर मी त्याला सांगितलं की तुमचा एक पाय गेला होता तो जेमतेम परत आलाय, आता मला विधवा करायचंय का. इतकं तोडून मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तो म्हणाला, हात आपोआप जातो. मग म्हणाला, आणि नाही गेला, आणि उद्या काही झालं, तर गाव तुलाच बोलेल. म्हणजे हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं म्हणे. हे ऐकून तर मी आणखीच पेटले.

एका दुपारी तो लिलावावर मासळी आणायला बंदराकडे चालत गेला, तेव्हा मी गाडीजवळ बसले. खानावळीच्या मिक्सरचं बटण बिघडलं होतं तेव्हा वायरमनने ते काढून दोन्ही तारा थेट एकमेकींना जोडल्या होत्या. मी शेजारी उभी राहून बघितलं होतं. तसंच केलं. बटणाकडे आलेल्या दोन तारा सोडवल्या, सोलून एकमेकींना घट्ट पिळल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली. बटण जागच्या जागी ठेवलं.

त्या रात्री वळण आलं. टक्क. दिवा चालूच. टक्क, टक्क. चालूच. नवऱ्याची पाठ ताठ झालेली मला कळली. "ह्यां काय झाला?" असं तो पुटपुटतोय तोवर समोरच्या वळणातून एक मोटरसायकल आमच्याच अंगावर आली. बिनदिव्याची. आमच्या उजेडात एकदम उगवली ती रस्त्याच्या मधोमध. चालवणारा आमच्याच वाडीतला तरुण, मागे त्याची बायको, आणि पुढे टाकीवर त्यांची लहान मुलगी, वडिलांच्या हातावर डोकं टाकून झोपलेली. नवऱ्याने गाडी डावीकडे घातली, ब्रेक दाबला. ते आमच्या आरशाला घासून गेले. चालत्या गाडीवरूनच तो तरुण ओरडला, "दिवो विझव रे! जागो दिसना नाय तुका?"

आणि ते गेले. पुढच्या झाडाशी त्यांचा दिवा लागला आणि उतारावरून खाली गेला.

नवऱ्याने एक पाय टेकून गाडी उभी धरली होती. दुखरा पाय. इंजिन चालू, दिवा चालू, वडाचं अख्खं खोड आणि त्याखालचा शेंदूर लावलेला पाषाण उजेडात. इतक्या वर्षांत मी ती जागा रात्रीची कधी पाहिलीच नव्हती. दोन्ही बाजूंनी आमचीच माणसं, दोन्ही बाजूंनी आंधळी, आणि ते पोर मधे. इतके दिवस एकमेकांवर कसे आदळलो नाही, ते त्या राखणदारालाच ठाऊक.

मी उतरले. हेल्मेट काढून हातात घेतलं आणि पाषाणासमोर जाऊन उभी राहिले. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. मी घातलं. रागाने माझा आवाज चिरकत होता.

"बा राखणदारा महाराजा, तुझ्या हातात पेटती चूड आसा. तू चुकलेल्याक वाट दाखवतंस. आणि आमी तुझ्या दारात येवन आमचो दिवो विझवतो, हाडां मोडून घेतो, आणि नाव तुझा घेतो. आजपासून मी आणि माझो घोव ह्या वाटेन दिवो लावन जातलो. त्यात काय चुकला असात तर दोष माका लाव. तेका नको."

बोलून झालं. आता दुजोरा द्यायला तिथे कुणी नव्हतं. गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं. मी हात जोडून तशीच उभी राहिले, कारण मागे वळून त्याचं तोंड बघायचा मला धीर होईना. त्याने गाडी स्टँडला लावल्याचा आवाज आला. मग लंगडत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हेल्मेट काढलं, हात जोडले, आणि म्हणाला, "व्हय महाराजा."