विद्याधर चुरींचे अठ्ठ्याऐंशी टॅब

उमराळ्याच्या विद्याधर चुरींनी समाजाच्या वधूवर मंडळात एकवीस वर्षं फुकट काम केलं, आणि ते फुकट आहे हे एकवीस वर्षांत कुणाला विसरू दिलं नाही. पद्धत त्यांची स्वतःची. कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही. आलेलं प्रत्येक स्थळ ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडायचं, आणि मनात जोडी जमली की मुलीचा टॅब ओढून मुलाच्या टॅबशेजारी नेऊन ठेवायचा. पत्रिका नंतर. टॅब बंद केला म्हणजे लग्न मोडलं. असे अठ्ठ्याऐंशी टॅब वरच्या पट्टीत इतके चेपून बसले होते की एकाचंही नाव वाचता यायचं नाही.

खरं सांगायचं तर त्यातच चुरींची सोय होती. उजव्या टोकाला एक टॅब त्यांच्याच मुलीचा, राधिकाचा होता, आणि त्याला खेटून, अगदी शेवटी, जूचंद्रच्या जितेंद्रचा. राधिकाला स्थळ पसंत होतं. जितेंद्रच्या घरून तर दोनदा होकार आला. पण दोन्हीकडचे होकार चुरींमार्फतच जायचे, आणि चुरींनी मुलीला सांगितलं, "त्यांचं काही उत्तरच नाही ग." बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. राधिकाही गेली की घरात आपण एकटे, या विचाराने माणूस पार धास्तावला होता. दुसऱ्यांच्या मुली हसत हसत सासरी पाठवणारा माणूस, बरं का.

मंगळवारी सकाळी पाहतात तर रात्रीत अपडेट येऊन कॉम्प्युटर आपला आपण सुधारून बसलेला. टॅब वरून उतरून डाव्या बाजूला एकाखाली एक उभे, मतदारयादीसारखे, आणि प्रत्येकाचं नाव पूर्ण. शेवटून दुसरं नाव राधिका विद्याधर चुरी. झाली पंचाईत. राधिका पाचला शाळेतून यायची आणि याच कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका करायची; खाली जितेंद्रचं नाव दिसलं की जोडी अजून मोडलेली नाही हे तिला कळणार. तो टॅब बंद करायला चुरींचं बोट दोनदा गेलं आणि दोनदा मागे आलं. पोटच्या पोरीचं लग्न आपल्या हाताने कसं मोडायचं?

त्यांनी शेजारच्या आग्नेलला बोलावलं. तो खूश झाला. "काका, हे तर झकास आहे. सगळ्यांची नावं नीट वाचता येतात."

"तेच तर नको आहे," चुरी बोलून गेले, आणि मग सावरून म्हणाले, "मान दुखते रे, डावीकडे बघून बघून."

आग्नेलने तासभर खटपट केली आणि कंपनीने जुनं काढूनच टाकलंय असं सांगून हात टेकले.

पाच वाजले. राधिका येऊन खुर्चीत बसली आणि डावीकडची नावं एकेक करत शेवटपर्यंत वाचत गेली. जन्मात गॅस न पेटवलेले चुरी म्हणाले, "चहा टाकू का तुला?" तिने ऐकलंच नाही. फोन घेऊन ती मागे वाडीत गेली, आली, पुन्हा बसली, सेटिंगमध्ये जाऊन एक खूण काढली. टॅब पुन्हा वर गेले.

"झालं बाबा. पहिल्यासारखं. आता कुणाचंच नाव दिसत नाही."

चुरींचा जीव भांड्यात पडला.

"जितेंद्रचा नंबर त्याच्या पानावर होता," राधिका म्हणाली. "रविवारी येताहेत ते. तुम्ही एकटे पडाल म्हणून केलंत, हे कळतं मला. पण तीन महिने मी समजत होते, मीच त्यांना आवडले नाही."

शेकडो घरांना गोड शब्दांत नकार कळवणारे चुरी उठले आणि जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवायला स्वयंपाकघरात गेले.