भिंतीपलीकडे गेलेला कढीपत्ता

सत्तरच्या दशकात आम्ही नाशिकरोडच्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा आईने घरामागच्या वीतभर जागेत आधी कढीपत्ता लावला. दिंडोरीजवळच्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं रोप. मग कोथिंबीर, पुदिना, गवती चहा. काही वर्षांत कढीपत्ता भिंतीपलीकडे झुकला आणि शेजारच्या काकूंची सोय झाली. सकाळी फोडणीच्या वेळी त्यांचा हात फांदीवर असायचाच. आईला ते आवडायचं. कॉलनीत बौद्धांचं घर आमचं एकच. कुणी हक्काने काही नेतंय याचं तिला अप्रूप होतं.

मी सातवीत असताना बुद्धपौर्णिमेला आईने कोथिंबिरीच्या वड्या केल्या. भर उन्हाळ्यात तांदळाच्या धुवणावर जगवलेली कोथिंबीर ती. ताटली मीच देऊन आले. काकूंनी हसून घेतली. दुपारी कचरा टाकायला गेले, तर कुंडीत आमच्या वड्या. एकही मोडलेली नव्हती.

मी सांगितल्यावर आई हात पुसत थेट त्यांच्या दारात गेली. मी मागोमाग. वड्या का टाकल्या, असं तिने विचारलं. काकू आधी म्हणाल्या, आंबल्या होत्या. आई दारातून हलेना, तेव्हा म्हणाल्या, "आमच्यात तुमच्या हातचं चालत नाही. एवढं तुम्हाला कळायला हवं."

"पानं बरी चालतात?"

"पानं झाडाची असतात."

आईने ताटली मागून घेतली. घरी येऊन कोयता काढला आणि भिंतीपलीकडची एकेक फांदी छाटली. बाबा म्हणत होते, शेजार आहे, जाऊ दे.

"तुम्ही जाऊ द्या," ती म्हणाली. "मला जमणार नाही."

मग भिंतीवरून आमच्या पुदिन्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी पडू लागलं. पुदिना करपला. आईने पुन्हा लावला, तोही गेला. तिने भिंतीवर काचा बसवून घेतल्या. मला वाटायचं, त्या अजून टोकदार हव्या होत्या.

पुढे काकूंकडे सून आली. बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. एकदा तिने मागच्या दारी येऊन कढीपत्ता मागितला. आई म्हणाली, "सासूबाईंना पाठव. माझ्या घरात बसून जेवू दे, मग झाडच घेऊन जा."

काकू आल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात ते घर विकून गेले. टेम्पोत सामान चढत होतं, आई ओट्यावर उभी होती. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलंही. आईने आत येऊन दार लावून घेतलं.