भट्टीवरचा मुलगा

घरात आम्ही मावची बोलतो, पण सोयरिकीला पाहुणे आले की सगळ्यांच्या तोंडी शाळेतली मराठी येते. तिनंच घोळ घातला. खांडबाऱ्याला आमच्या अंगणात, चिंचेच्या सावलीत, मला बघायला आलेला मुलगा खाटेवर बसला होता. बाबांनी विचारलं, "काम काय करता?"

"अणुभट्टीवर आहे. तिकडे गुजरातेत, तापीकाठी."

बाबांनी फक्त भट्टी ऐकलं. आमच्या डोंगरात भट्टी म्हणजे मोहाची दारू, आणि माझे काका त्या दारूपायीच गेले. बाबांचा चेहरा उतरला. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी, आणि मला तर तो मुलगा बघताक्षणी आवडलेला. झाली का पंचाईत!

"अशा किती आहेत?" बाबांनी आवाज घट्ट करून विचारलं.

त्या भोळ्याला वाटलं, बाबांना विषयाची गोडी आहे. तो खुलला. "आपल्या देशात थोड्या. चीनमध्ये दुपटीहून जास्त. जवळजवळ सगळ्या समुद्राकाठी. एकच नमुना पुन्हा पुन्हा बांधतात, त्यामुळे हात बसलाय, भराभर उभ्या राहतात. आपल्या काही नदीच्या पाण्यावर चालतात, आणि बांधायला फार वेळ लागतो."

तो सावकाश बोलत होता आणि माझे डोळे जड झाले. समुद्र मी कधी पाहिला नव्हता, तरी दिसला. निळ्या पाण्याकाठी मोठमोठे पांढरे घुमट, घराघरांत लागलेले दिवे, आणि एका दारात माझ्यासारखीच कुणी मुलगी चहा घेऊन उभी. इकडे आमची तापी घुमटाशी जरा थांबून पुढे निघालेली. ट्रेमधल्या चहावर साय धरली.

"मग तिकडची माणसं शुद्धीवर कधी असतात?" बाबा म्हणाले.

मी खडबडून जागी झाले. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं बोलायचं नसतं. मी बोलले. "बाबा, दारूची नाही हो! विजेची!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "चीन इतका पुढे, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," तो म्हणाला. "पण भट्टीच्या शेजारी मीच राहतो. सावकाश बांधली तर माझी तक्रार नाही."

मग बाबा हळूच म्हणाले, "तिकडून खांडबाऱ्याला यायला सकाळची गाडी आहे ना?"

मी ट्रे घेऊन आत पळाले आणि चुलीपाशी बसून रडले. नाही म्हणायचं असतं तर बाबांनी माझी माहेरी यायची गाडी विचारली नसती.