खवट वासाची ब्रँडी

उभी हयात पंचनामे आणि जबाब लिहिण्यात गेलेल्या माणसाने वाचकांसमोर यावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण एक घटना काही केल्या मनातून जात नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झाल्यावर मी कतारमधल्या दोह्यातील एका हॉटेलात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. राहायला तिथल्याच अल हिलाल भागात होतो. एके दिवशी रास लफानच्या गॅस प्रकल्पांहून आलेल्या एका इंजिनिअर पाहुण्याने तक्रार केली, की बारमधल्या सर्वांत जुन्या ब्रँडीला तेलकट, कुबट वास येतो. ही फ्रान्समधली द्राक्षांची ब्रँडी, ओक लाकडाच्या पिंपात चाळीस वर्षांहून अधिक मुरलेली. बारच्या व्यवस्थापकाला संशय आला, की कोणीतरी अस्सल माल पिऊन बाटलीत भलतेच काही भरले असावे.

त्याच सुमारास खबरही मिळाली. लॉन्ड्रीतला रायगडचा एक सहकारी मला म्हणाला, "साहेब, तुमचा तो कऱ्हाडचा बारवाला दुपारी रिकाम्या ग्लासात नाक घालून बसतो. अत्तर शोधतो की काय, देव जाणे."

कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. खबर खरी होती.

मी स्वतः त्या बाटलीचा वास घेतला. हातभट्टीवरच्या छाप्यांत मुरलेल्या माझ्या नाकावर माझा फार भरवसा. स्पष्ट खवट खोबऱ्याचा वास आला. आपल्या घरात खोबरे खवटले, की टाकून देतात. मी अहवालात लिहिले, 'भेसळीचा दाट संशय.' मग त्या बारवाल्याला बोलावले आणि ठाण्यातल्या सवयीने पहिलाच प्रश्न टाकला, "बाटलीला खवट खोबऱ्याचा वास येतोय. किती दिवसांपासून पितोस?"

तो चाळिशीचा, शांत गृहस्थ. मान खाली घालून गप्प राहिला. ते मौन मी कबुली समजलो. करार रद्द होऊन मायदेशी पाठवणी होईल, हेही त्याला सांगितले. तेव्हा तो हळूच बोलला.

"साहेब, नोकरी गेली तरी चालंल. पण कागदावर 'प्याला' असं नका लिहू. आईला वाचता येत न्हाई, पण गावात वाचून दाखवणारे लई हायेत."

त्याचे वडील दारूपायी गेले होते. दारूचा थेंबही तोंडाला लावणार नाही, अशी आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्याने अकरा वर्षे बारमध्ये उभे राहून पाळली होती. मुलगा हॉटेलात जेवण वाढतो, एवढेच तिला ठाऊक होते.

मी विचारले, मग ग्लास का हुंगतोस? तो म्हणाला, चव घ्यायची नाही, तर माल ओळखायचा कसा? जुन्या ब्रँडीचा रिकामा ग्लास न धुता ठेवला, तर दुसऱ्या दिवशीही त्यात वास असतो. स्पिरिटचा झणका उडून जातो आणि मागे सारे चांगले तेवढे उरते. त्यावरच तो शिकला होता.

तेव्हा मला उमजले, की मी तुलनेसाठी नमुना घेतलाच नव्हता. नव्या हवालदारालाही न शोभणारी चूक. व्यवस्थापकाला विनंती करून त्याच ब्रँडीची सीलबंद बाटली फोडवली. चार ग्लास भरले. एकात वादातली ब्रँडी, एकात सीलबंद बाटलीतली आणि दोहोंत कमी वयाची. त्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले, मग मी ग्लासांच्या जागा बदलल्या.

त्याने एकेक ग्लास नाकाशी धरला. ओठ मिटलेले. दोन बाजूला सारले. "हे तरणे. फुलं अन् व्हॅनिला, अन् नाकाला डसत्यात." उरलेल्या दोहोंपाशी तो बराच वेळ थांबला. आधी सुके जर्दाळू, मग संत्र्याची साल, मग अक्रोडाचे टरफल आणि चंदनाची जुनी पेटी, असे तो सावकाश सांगत गेला. "अन् सगळ्यांच्या तळाला तुमचं खवट खोबरं. ते नासणं न्हाई, साहेब, ते वय हाय. इथला आधीचा फ्रेंच बारमन सांगायचा, ह्या वासासाठी तिकडं मानसं जलमभर थांबत्यात. ह्ये दोन्ही एकाच घरचे."

मी सीलबंद बाटलीतल्या ब्रँडीचा वास घेतला. तोच खवटपणा. व्यवस्थापकाने दोन्हींची चव घेतली आणि दोन्ही एकच असल्याचे मान्य केले.

अहवाल मी फाडला नाही. नियमाप्रमाणे ती ओळ खोडली, सही केली आणि खाली लिहिले, 'संशय निराधार. चूक तपास अधिकाऱ्याची.' नंतर त्याची माफी मागितली. तो इतका संकोचला, की मलाच चहा आणून दिला.

मौनाला कबुली समजू नये, हे मी शिकाऊ अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. मला मात्र ते निवृत्तीनंतर कळले.

पुढे रजेवर गावी निघताना तो माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, आईला आता सांगू का, मी बारमदी हाय म्हणून? म्हातारी थकलीया." खरे बोल, असे मी आयुष्यभर शेकडो लोकांना बजावले आहे. त्याला मात्र मी काहीच सांगू शकलो नाही. तो जाऊन आला, पण आईला सांगितले का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

वाचकहो, तुम्ही त्याला काय सांगितले असते?