बाकावरचं नामस्मरण

देवीवर माझा पूर्ण विश्वास होता, पण प्रेशर मोजायच्या त्या पट्ट्यावर मुळीच नव्हता. मोतीबिंदूचं माझं ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोनदा रद्द झालं, ते त्याच्यापायीच. घरी गोळ्या वेळेवर घेणारी मी, पण नंदुरबारच्या दवाखान्यात सिस्टरने दंडाला पट्टा गुंडाळला की छातीत ढोल वाजायला लागायचा. एवढ्या प्रेशरवर ऑपरेशन करता येणार नाही, असं सांगून डॉक्टर मला परत पाठवायचे. इकडे नजर दिवसेंदिवस धुरकट होत चालली होती. देवघरात देवीला कुंकू लावायला जावं, तर ते समईला लागायचं. जिच्या डोळ्यांत बघून आयुष्यभराची सुखदुःखं बोलले, तिचा चेहराच दिसेना, याचं मला फार रडू यायचं.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालूच ठेवा, पण रोज थोडा वेळ शांत बसा, हळूहळू श्वास सोडत नाम घ्या. मन निवलं तर शरीरही ऐकेल. मी लगेच गच्चीवर आसन टाकलं. आता आमचं घर मिरचीच्या पथारीला लागून. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली, आणि मी शहाणी ऐन हंगामात तिथे छाती भरभरून श्वास घ्यायला बसले! वारा फिरला आणि असा ठसका लागला की शेजारीपाजारी बाहेर आले. आमचे हे खालून ओरडले, "ध्यान करी ऱ्हायनी का मिरची कुटी ऱ्हायनी?" तेव्हापासून मी देवघरातच, दार-खिडक्या लावून बसू लागले. ओठांवर नाम असायचं, पण मन त्या पट्ट्याभोवतीच घुटमळायचं. 'आई, या खेपेला प्रेशर वाढू देऊ नकोस,' असं मी देवीला बजावून ठेवलं होतं. प्रार्थना कसली, हुकूमच तो.

तिसऱ्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर बसले, तेव्हाही ढोल सुरू झालाच होता. शेजारी अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून आलेली एक म्हातारी होती. तिचंही तेच ऑपरेशन. सोबतचे लोक औषधं आणायला गेलेले. तिला माझी भाषा धड येत नव्हती आणि मला तिची मुळीच नाही. तिने एकाएकी माझा हात घट्ट धरला. "बाई, भीती लागते," एवढंच म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, घाबरू नको. मी शे ना तुन्हा जोडे." मी तुझ्याजवळ आहे, असं म्हणून कुणी कुणाला धीर द्यावा, याचं माझं मलाच हसू आलं. पण तिला द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय? तिचा हात मांडीवर घेऊन मी सावकाश श्वास सोडत 'अंबे' म्हणू लागले. थोडा वेळ तिने ऐकलं, मग माझ्याच लयीत तिचं नाम सुरू झालं, 'याहा मोगी'. ती त्यांच्या डोंगरातली देवी, आणि याहा म्हणजे आई, एवढं मला ठाऊक होतं. दोन म्हाताऱ्या डोळे मिटून आपापल्या आईला हाका मारत बसलो. तिची पकड हळूहळू सैल होत गेली.

"वा मावशी, आज तर प्रेशर एकदम छान!" सिस्टरच्या आवाजाने मी डोळे उघडले. दंडाला पट्टा कधी गुंडाळला आणि कधी सोडला, मला पत्ताच नव्हता. पुढे त्या म्हातारीचंही मोजलं. तेही ठीक निघालं. आम्ही दोघी एकीमागोमाग एक आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघायची होती. पहिलं दर्शन देवीचंच घ्यायचं म्हणून मी तिची लहानशी तसबीर पदराखाली धरून बसले होते. पण सिस्टरने पट्टी काढली, आणि तसबीर वर करण्याआधीच ती म्हातारी माझ्यासमोर येऊन वाकली. तिची पट्टी आधीच निघालेली. हनुवटीवर हिरवं गोंदण, गालभर सुरकुत्या, आणि एकेक सुरकुती मला लख्ख दिसत होती. "बाई, दिसते?" तिने विचारलं आणि तोंडभर हसली.

त्या दिवसापासून मी देवीला काही बजावत नाही. रोज बसते, श्वास सोडते, नाम घेते. पुढचं तिच्यावर. आपण काय मागावं, हेही तिला आपल्यापेक्षा बरं कळतं. त्या सकाळी म्हातारीच्या त्या हसऱ्या चेहऱ्यासमोर माझे हात आपोआप जोडले गेले होते, आणि तसबीर अजून पदराखालीच होती.