कशेळीच्या वाटेवरची उपकारस्तुती

गुरुवारी दुपारी आमच्या घरी बायकांची प्रार्थना असते. शेजारच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत असतात, म्हणून खिडक्या लावूनच बसावं लागतं. गीत झालं की मी प्रत्येकीला विचारते, या आठवड्यात देवाची स्तुती कशासाठी करशील? कुणी मुलाचा ताप उतरला म्हणतं, कुणी पाणी वेळेवर आलं म्हणतं. हा माझाच आग्रह. स्तुती रविवारच्या उपासनेपुरती ठेवू नये, असं मला वाटतं.

त्या गुरुवारी शेलार गावाहून येणारी, आमच्या मंडळीतली एक तरुण बहीणही बसली होती. काही महिन्यांपूर्वी तिचा नवरा ट्रकच्या अपघातात गेला होता. तिला विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "ताई, आज माझ्याकडे काही नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. माझे मिस्टर कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. बाजूच्या गोदामातला माणूस ओरडत होता, "भाभी, यहाँ आग लगी है. साहब दिख नहीं रहे."

मी यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बायकांपैकी कुणीतरी मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि मला तो आवाजच सहन होईना. शेलारच्या बहिणीने माझी पर्स उचलली. "चला, मी येते."

अंजूरफाट्यापर्यंत रिक्षा नीट आली. पुढे नुसते कंटेनर. त्यांच्या डोक्यावरून लांबवर काळा धूर दिसत होता.

"आगे सब जाम है," रिक्षावाला म्हणाला.

मी उतरायला निघाले. तिने माझं मनगट पकडलं.

"सोड मला!"

"धावत नाही पोचणार, ताई. खूप लांब आहे अजून."

रिक्षा थोडी सरकली, पुन्हा थांबली. मग ती म्हणाली, "तुम्ही स्तुती करा, असं मी म्हणणार नाही. मला लोक सांगायचे ना, तेव्हा फार राग यायचा. मी करते. तुम्ही नुसत्या बसा."

आणि ती गायला लागली. बेसूर, अगदी हळू. हॉर्नच्या आवाजात निम्मे शब्द बुडत होते. मी तिच्यासोबत गायले नाही. मनात एकच येत होतं, हिच्यासारखंच माझंही होणार. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं. नवरा गेल्याचा तो दिवस ती पुन्हा जगत होती, तरी गात होती.

गोदामाच्या बरंच अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. आम्ही बंबांच्या पाण्यातून चालत गेलो. रस्त्याकडेला कामगार बसले होते. मी एकेकाचा चेहरा बघत पुढे सरकले. हा नाही. हाही नाही.

मग एका टेम्पोच्या चाकाला टेकून बसलेले हे दिसले. चेहरा काळा, उजव्या हाताला ओला गमछा गुंडाळलेला.

"मोबाईल आतच राहिला," हे खोकत म्हणाले. "सगळे बाहेर आलेत. सगळे."

माझ्या ओठांवर 'हालेलुया' आलं आणि मी ते गिळलं. ती माझ्या मागेच उभी होती. वळून बघितलं तर ती रडत होती.

"म्हणा ना, ताई," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नका. मला ऐकायचंय."

तेव्हा मी त्या भर रस्त्यात मोठ्याने प्रभूची स्तुती केली. कामगार वळून बघायला लागले. एकाने हात वर करून "ऊपरवाले का शुक्र है" म्हटलं. तिने मला घट्ट धरलं, आणि आम्ही दोघी रडत राहिलो.

यांचा हात बरा व्हायला वेळ लागला. गोदाम पुन्हा उघडलं नाही, नोकरी दुसरीकडे शोधावी लागली. गुरुवारची प्रार्थना चालू आहे, आणि मी अजूनही बायकांना स्तुती करायला सांगते. मात्र जिच्या तोंडून शब्द निघत नाही, तिच्याजवळ जाऊन बसते आणि तिच्या वाटचं मी म्हणते. शेलारची बहीण कधी गाते, कधी नुसतीच बसते. तिला कुणी घाई करत नाही.